जास्वंद, शेकरू आणि मुद्द्याचा रकाना

भाड्याने घर मागायला गेलेल्या माणसाला घरमालक काय काय विचारतो, याचा मला अनुभव होता. पगार सरळ विचारतो, जात आडून विचारतो, आणि मटण शिजवता का हे विचारताना आवाज खाली आणतो. गडचिरोलीला बदली झाल्यावर मी ज्या घरी गेलो तिथल्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ओसरीच्या भिंतीला शाळेतल्यासारखा काळा फळा ठोकलेला होता. त्याखाली खुर्चीत बसलेल्या गृहस्थांनी मला उभंच ठेवलं आणि म्हणाले, "जास्वंद अन् शेकरू. फरक सांगा. तीन मुद्दे."

मी कृषी खात्यात आकडेवारी गोळा करणारा माणूस. धान किती पेरला, किती उगवला, किती बुडाला, हे माझं काम. जास्वंद आमच्या अहवालात येत नाही आणि शेकरू तर मुळीच येत नाही. पण घराची गरज होती. म्हणालो, "जास्वंद वनस्पती आहे, शेकरू प्राणी आहे."

"अर्धा गुण."

"जास्वंद जमिनीवर वाढते, शेकरू झाडावर राहतं."

"अर्धा."

"जास्वंदीला लाल फूल येतं, आणि शेकरू आपला राज्यप्राणी आहे."

गृहस्थांनी दाढ ठणकल्यासारखे डोळे मिटले. "हा फरक नाई जी. हे दोन येगळे अर्ज झाले. एकीले विचारलं तुहा रंग कोणता, अन् दुसऱ्याले विचारलं तुहा हुद्दा कोणता. मुद्दा कुठी गेला?"

आतून एका बाईंचा आवाज आला, "सर, त्यायले आधी पाणी द्या, मंग नापास करा."

मला घर मिळालं, त्याच घराच्या मागच्या दोन खोल्या, आणि बायकोही राहायला आली. माझ्या आधी येऊन गेलेले तिघे शून्यावर परत गेले होते, असं नंतर कळलं. तीनपैकी एक गुण मिळवून मी त्या घराचा गुणवंत भाडेकरू ठरलो होतो.

सर म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. बाईही शिक्षिका, पहिली ते चौथीच्या. दोघांची नोकरी धानोरा, एटापल्ली, कुरखेडा आणि शेवटी गडचिरोली अशी फिरली. सरांची बदली व्हायची आणि बाई मागून त्याच गावी बदली मागून घ्यायच्या. गावात दोघांना नावाने कोणी ओळखत नसे. बाईसुद्धा नवऱ्याला 'सर'च म्हणायच्या. मात्र गावाच्या 'सर'मध्ये जो आदर होता, तो बाईंच्या 'सर'मध्ये शोधूनही सापडला नसता.

सरांसाठी मी आल्या दिवसापासून 'आकडेवाले' झालो. बाईंनी हरकत घेतली. "आकडेवाले म्हणू नका त्यायले. लोकं सट्टा घेणारे समजतीन." सरांनी हरकत नोंदवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंगणातून हाक मारली, "ओ आकडेवाले!"

शाळेत गेलेल्या प्रत्येकाने 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न सोडवलेला असतो. पानाच्या मधोमध एक रेघ मारायची, डावीकडे एकाची माहिती, उजवीकडे दुसऱ्याची. सरांच्या मते आपल्या लोकांची बुद्धी या एका रेघेने नासवली. रेघा दोन हव्यात. पहिला अरुंद रकाना मुद्द्याचा. "मुद्दा म्हंजे दोघायले विचारलेला एकच सवाल," ते सांगत. "सवाल एक नसन तं तो फरक नाई, ते भांडण आहे."

हा सिद्धांत ते निवृत्तीबरोबर शाळेत ठेवून आले असते तर शेजाऱ्यांवर उपकार झाले असते. बाजारात भाजीवाली म्हणाली, "ही वांगी ताजी आहेत, ती स्वस्त आहेत," की सर पिशवी खाली ठेवून तिला मुद्दा एक कसा धरावा ते समजावत. मागची गिऱ्हाइकं भरीत करायचा बेत बदलून निघून जात. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला. म्हणाला, "त्यायनं पाच वर्षांत काई केलं नाई, अन् मी तं तुमच्या घरचाच पोरगा आहो." सरांनी त्याला फळ्यासमोर उभं केलं. "त्याचं काम सांगतलं, तं तुहं बी काम सांग. तुहं नातं सांगतं, तं त्याचं बी नातं सांग. तो कोणाच्या घरचा आहे?" उमेदवार म्हणाला, तो माझा मावसभाऊ लागतो. सरांचं समाधान झालं. मत त्यांनी दोघांनाही दिलं नाही.

जास्वंद आणि शेकरू हीच जोडी का, याचं कारण साधं होतं. बाजारातल्या कुठल्याच मार्गदर्शकात तिचं तयार उत्तर नव्हतं. वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी विचारलं की पोरं पाठ केलेलं ओकतात. म्हणून नोकरीच्या सुरुवातीला, धानोऱ्यात, त्यांनी नववीच्या परीक्षेत हा प्रश्न घातला. सगळा वर्ग कोसळला. एकानं लिहिलं, 'जास्वंद देवाला वाहतात, शेकरू वाहत नाहीत.' सरांनी त्याला पूर्ण गुण दिला, कारण सवाल दोघांना एकच विचारला होता. बाकी पालक संतापले. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न का घातला, असा खुलासा मागवण्यात आला. सरांनी खुलाशात उलट विचारलं, की अभ्यासक्रमातला आणि बाहेरचा यांतला फरक तीन मुद्द्यांत कळवावा. थोड्याच दिवसांत त्यांची बदली एटापल्लीला झाली. योगायोगच म्हणायचा. तिथल्या जंगलात त्यांना खरोखरचं शेकरू दिसलं, त्यामुळे शिक्षा असलीच तर तीही वाया गेली.

ते शेकरू त्यांना एकदाच दिसलं. पण माणसं देवदर्शनावरही इतकं बोलत नाहीत. मानेपासून शेपटीपर्यंतचा तांबूस रंग, पोट पिवळट, शेपूट अंगापेक्षा लांब. इकडून उडी मारली ती थेट पलीकडच्या झाडावर. खाली उतरायचं नाव नाही. त्या एका दर्शनावर सरांनी सबंध मानवशास्त्र उभं केलं.

"माणसात जाती मी मानत नाई," ते म्हणत. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे एकदा बघून घेत आणि पुढे सांगत, "पण प्रकार दोन आहेत. काई लोकं जास्वंद, काई लोकं शेकरू."

जास्वंद म्हणजे फांदी तोडून कुठेही खोचा, जगणारी. शेकरू म्हणजे ज्याला झाडाला झाड लागून हवं. "मधातलं एक झाड तोडा, तिथून रस्ता काढा, खतम. ते खाली उतरून रस्ता पार करत नाई. पुस्तकात संकटग्रस्त लिवलं आहे, ते काई उगाच नाई."

गडचिरोलीत बदलून येणारे बरेच साहेब घर नागपुरात ठेवतात, शुक्रवारी दुपारी उडी मारतात ती सोमवारी दुपारी परत. पाय जमिनीला लागत नाही. मी एकदा विचारलं, "हे शेकरूच ना, सर?" सर दुखावले. "शेकरूले बदनाम करू नका. ते आपल्या जंगलात राहते तरी."

स्वतः सर शेकरू होते, यात सरांना शंका नव्हती. सकाळी चहाची टपरी, तिथून वाचनालय, तिथून शिंप्याच्या दुकानातला बाक, तिथून एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची ओसरी. फांदीवरून फांदीवर. "यातलं एक तोडा, मी मेलो," असं ते इतक्या आनंदाने सांगत की तोडून बघावंसं वाटे.

आणि बाई जास्वंद. "हे बाई म्हंजे कमाल आहे. धानोऱ्यात नेली, लागली. एटापल्लीत नेली, लागली. कुरखेड्यात लागली. कुठीबी खोसा."

हे कौतुक होतं. कौतुक आहे असं सांगावं लागे, एवढंच.

बाईंचं माहेर बल्लारपूरचं, कामगारांच्या वस्तीतलं. भिंतीला भिंत लागून घरं. कोणाकडे कसली फोडणी बसली, कोणाचा नवरा कोणत्या पाळीला गेला, आज कोण कोणाशी बोलत नाही, हे घरात बसून कळायचं. आमचं घर म्हणजे गावाचा शेवटचा प्लॉट. मागे कुंपण आणि कुंपणामागे जंगल. संध्याकाळ झाली की मोबाइलवर वॉर्डाच्या ग्रुपमध्ये बिबट्याचा निरोप यायचा आणि दारं लागायची. सरांना ही शांतता फार आवडे. बाई माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "मले आता माणसं पायजे. झाडं लय झाले."

अंगणात बाईंची जास्वंद होती, पुरुषभर उंच. सरांचा सगळा सिद्धांत त्या झुडपावर उभा होता. त्याला पाणी मात्र बाई घालत.

एका रविवारी सरांनी मला शेकरू दाखवायचं ठरवलं. माझ्या मोटारसायकलवरून आम्ही आलापल्लीच्या जंगलात गेलो. उंच सागाखाली सर टॉवेल पसरून उताणे झोपले. "उभ्यानं मान दुखते. शेकरू झोपूनच पाहायचं असते." मीही झोपलो. वर पानं, खाली मुंग्या. बऱ्याच वेळाने एक गोंड म्हातारा सायकल हातात धरून चालत आला, थबकला आणि सरांना म्हणाला, "काऊन जी? दवाखान्यात न्या लागते काय?"

सरांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने वर पाहिलं. वर काही नव्हतं. मग तो माझ्या कानाशी वाकला. "कधीपासून असं आहे यायले?"

"नोकरीला लागल्यापासून," मी म्हणालो.

तो हळहळला आणि निघून गेला. आम्हाला एक घरटं दिसलं आणि दोन वानरं. घरी येऊन सरांनी बाईंना सांगितलं, चार घरटी दिसली. शेकरू एक घर बांधून थांबत नाही, चार-पाच बांधून ठेवतं, असं पुस्तकात आहे; त्यामुळे एक दिसलं म्हणजे चार दिसलीच. न मोजता नुसत्या नजरेने केलेल्या अशा अंदाजाला आमच्या खात्यात नजरअंदाज म्हणतात, आणि तोही मान्य होतो.

बाई म्हणाल्या, "शेकरूले चार घरं. मले एकच पायजे, माया मनासारखं."

ते एक घर कोणतं, हे आम्हाला लवकरच कळलं. त्यांची मुलगी नागपुरात. तिच्याच इमारतीत एक फ्लॅट रिकामा झाला. खाली भाजीचा ठेला, समोर विहार, संध्याकाळी बायका जमतात, गाणी बसवतात, भांडतात. बाई दोनदा जाऊन पाहून आल्या होत्या. मुलगी रोज फोन करायची, "आई, बाबा काय म्हणतात?" बाबा म्हणत होते की शेकरूचं स्थलांतर करता येत नाही. बाई काही म्हणत नव्हत्या. त्यांचं जेवण कमी झालं होतं, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही. मला कोणी ते मोजायला सांगितलं नव्हतं.

शेवटी सरांनी प्रश्न रीतसर निकाली काढायचं ठरवलं. रविवारी सकाळी आम्हा नवराबायकोला ओसरीवर बोलावलं. फळ्यावर दोन रेघा, तीन रकाने. वर लिहिलं होतं, 'मुद्दा', 'शेकरू (मी)', 'जास्वंद (बाई)'.

"आकडेवाले, तुमी परीक्षक. पक्षपात नाई पायजे."

बाई खाली बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या.

सरांनी छडीने एकेक ओळ दाखवली. निवास: शेकरू, एकाच जंगलात, जास्वंद, कुठेही. हालचाल: शेकरू, फक्त ओळखीच्या फांद्यांवर, जास्वंद, उचलून न्यावी लागते. गरज: शेकरू, सलग जंगल, उंच झाड, सोबतीला ओळखीची झाडं; जास्वंद, विशेष नाही. हलवल्यास नुकसान: शेकरू, मृत्यू. न हलवल्यास नुकसान: जास्वंद, काही नाही. निष्कर्ष: गडचिरोली.

मांडणी निर्दोष होती. प्रत्येक ओळीला मुद्दा होता. असा स्वच्छ तक्ता आमच्या कचेरीत कोणाला जमत नाही. फक्त निष्कर्षाआधीच्या दोन ओळी मला डाचत होत्या; त्यात सवाल एक नव्हता. मी तसं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी सुपातून मान वर केली.

"सर, हे 'विशेष नाई' कोणाले विचारून लिवलं?"

"जास्वंदीले काय विचारायचं? दिसून राह्यलं ना. जिथी खोसली तिथी लागली."

"लागली?" बाईंनी अंगणाकडे हात केला. "हे बल्लारपूरहून आणली तवा किती फांद्या होत्या?"

"एक."

"चार. मायनं ओल्या फडक्यात गुंडाळून देल्ल्या. सगळा रस्ता मांडीवर घेऊन बसली होती मी. धानोऱ्यात खोसल्या, तीन मेल्या. मेलेल्या मी उपटून फेकल्या. तुमी शाळेत होते. तुमाले लागलेलीच दिसली, अन् तिचीच फांदी मी गावोगाव नेत गेली."

सर छडी धरून उभे होते.

"अन् मायं बी तसंच आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. डाळ निवडणं चालूच होतं. "धानोऱ्यात बायांचा गाण्याचा गट जमवला, सोडला. एटापल्लीत दुपारी पोरींले शिवण शिकवत होती, सोडलं. कुरखेड्यात एक मैतरीण भेटली होती, रोज संध्याकाळी घरी ये. ते बी सोडली. इथी लागली म्हणता, ते चौथी. त्या तीन तुमच्या फळ्यावर कोणत्या रकान्यात आहेत, दाखवा ना. तुमी शेकरूले विचारलं काय पायजे. जास्वंदीले विचारलंच नाई, ती मेली नाई एवढंच पाह्यलं. हे दोन अर्ज झाले, सर."

मनातल्या मनात मी हिशेब करून चुकलो होतो. चारातली एक म्हणजे पंचवीस टक्के. इतकी उगवण असलेलं बियाणं आमच्या खात्यात कोणाला विकू देत नाहीत. सरांनी त्यावर संसार केला होता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षक म्हणून मी काहीतरी बोलावं अशी अपेक्षा असावी. मी म्हणालो, "बाईंचा मुद्दा आहे, सर."

सरांनी डस्टर घेतलं, 'विशेष नाही' पुसलं, खडू उचलला आणि त्या रिकाम्या जागेपुढे उभे राहिले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कोऱ्या जागांवर लाल रेघ मारणारा माणूस. मग खडू ठेवून म्हणाले, "हा प्रश्न रद्द."

"रद्द करा नाई तं ठेवा," बाई म्हणाल्या. "मी चालली."

आणि त्या खरंच गेल्या. मुलगी गाडी घेऊन आली, बाईंनी चार पातेली आणि आपली शिलाई मशीन भरली. जाताना सरांना म्हणाल्या, "या म्हणत नाई. शेकरूले काय म्हणा लागते? झाडाले झाड लागलं तं येते."

सर मागे राहिले आणि सिद्धांताला जागले. "शेकरू एकटंच राहते," ते आमच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांदा भात वाढून घेताना सांगत. "ते एकलकोंडं जनावर आहे." रात्रीचं जेवणही एकलकोंडेपणाने आमच्याकडेच होई. चहाची टपरी होती, वाचनालय होतं, शिंप्याचा बाक होता. एकही झाड तुटलेलं नव्हतं. तरी ते टपरीवरून वाचनालयात न जाता घरी परत येऊ लागले.

बाईंचा फोन संध्याकाळी यायचा. सर ओसरीवर मोठ्याने बोलत. "जेवलो. हो, घातलं पाणी. मागं एवढा आवाज कायचा येऊन राह्यला?"

फोनमधून बाईंचं उत्तर आम्हालाही ऐकू आलं. "माणसायचा."

जास्वंदीला पाणी आता सर घालत. आधी दूरवरून फेकत, मग बुडाशी बसून. पांढरी कीड पडली तर फडक्याने पानं पुसत. एकदा मला म्हणाले, "आकडेवाले, फूल एकच दिवस टिकते हो. मले वाटे तेच फूल आहे. रोज दुसरं राहते." मी म्हणालो, पुस्तकात असेल. ते म्हणाले, "पुस्तकात आहे. म्याच शिकवलं आहे." फळ्यावरची ती जागा कोरीच होती. बाकीचा तक्ता त्यांनी पुसला नाही आणि ती भरलीही नाही.

मग एका सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दाराशी उभे राहिले. खांद्याला पिशवी, हातात ओल्या फडक्याचं लांबट गाठोडं. "बसस्टँडवर सोडा. नागपूरले चाललो. पाहून येतो. सोमवारी वापस."

त्यानंतर बरेच सोमवार गेले. माझीही चंद्रपूरला बदली झाली. ते घर आता दुसऱ्या कोणाला भाड्याने दिलं आहे, आणि त्याची तोंडी परीक्षा फोनवर घेतली गेली असं ऐकलं. सोमवार कोणता, ते सरांनी स्पष्ट केलं नव्हतं.

त्या सकाळी स्टँडवर नागपूरची गाडी लागलेली होती. सर खिडकीशी बसले. कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, ते गाठोडं वर ठेवा."

"हे मांडीवरच राहते," सर म्हणाले.

मी खिडकीखाली उभा होतो. फडक्यातून पाणी ठिबकून त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर ओघळ उतरत होता. एका टोकाने जास्वंदीच्या फांद्या बाहेर आल्या होत्या. मोजायची सवय, म्हणून मोजल्या. चार होत्या.

"सर, बाई तर म्हणत होत्या, गॅलरीत एकच कुंडी मावते. मग चार कशाला?"

गाडी सुरू झाली. सरांनी गाठोडं दोन्ही हातांनी नीट धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तीन मरते ना, बा."